लागेल कधीतरी

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच लागली नाही. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घराच्या नकाशावर ती जागा 'वाहनतळ' म्हणून दाखवली आहे. १० फूट रुंद, १८ फूट लांब, पुढे शटर. पण आधी पप्पांची चेतक आणि नंतर माझी ॲक्टिव्हा, दोघींनीही आयुष्य बाहेर ताडपत्रीखाली काढलं. आत पप्पांचं वर्कशॉप. मम्मी त्याला 'यांचं देवघर' म्हणते, आणि ते कौतुकानं म्हणत नाही.

आत काय होतं ते सांगते. लोखंडी टेबल, त्यावर वाईस. एक पिलर ड्रिल, एक बेंच ग्राइंडर, दोन हातग्राइंडर. भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले पाने, करवती, गुण्या. टेबलाखाली तेलाचे पत्र्याचे डबे, त्यावर श्रीखंडाचे डबे, त्यावर हॉर्लिक्सच्या बाटल्या, सगळ्यांत नट-बोल्ट. मिक्सरच्या ४ मोटारी. कुकरची ३ झाकणं. पंख्याची २ पाती (तिसरं कुठे गेलं हे घरात कुणालाच माहीत नाही). कोपऱ्यात पाइप, अँगल, पत्र्याचे तुकडे उभे करून ठेवलेले, जवळून गेलं की ओढणी अडकलीच. आणि चेतकचा कार्बोरेटर. चेतक २०११ मध्ये विकली. कार्बोरेटर राहिला.

काहीही टाकायचं म्हटलं की पप्पांचं उत्तर ठरलेलं. "राहू दे, लागेल कधीतरी."

आणि वैताग असा की लागायचंच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हार्डवेअरची दुकानं बंद होती तेव्हा आमची अख्खी गल्ली त्या श्रीखंडाच्या डब्यांवर चालली. कुणाचा नळ, कुणाच्या दाराची बिजागरी, कुणाच्या कुकरचं हँडल. लोक मास्क लावून शटरसमोर उभे राहायचे आणि पप्पा आतून विचारायचे, "किती एमएम?" लोकांना कुठलं माहीत असणार. ते बोटानं दाखवायचे, एवढा.

पप्पा आयटीआयचे फिटर. कराडजवळच्या गावातून १९८४ ला चिंचवडला आले आणि ३७ वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये काढली. टूलरूम म्हणजे जिथे कारखान्याला लागणाऱ्या डाय, जिग, फिक्स्चर बनतात. मशीन पार्ट बनवतं, आणि मशीनला पार्ट बनवता यावा म्हणून जे लागतं ते ही माणसं बनवतात. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तर त्यांना खरोखर राग येतो. घरी भिंतीवर फोटो लावतानासुद्धा.

रिटायर झाल्यावर तीनेक वर्षांनी ते वस्तूंना धडकायला लागले. वाईसचं हँडल कमरेला. टेबलाच्या कडेची टर्पेंटाइनची बाटली कोपरानं खाली. मम्मी म्हणायची, पसाराच एवढा आहे तर धडकणारच. आम्हाला सगळ्यांना ते पटलंही. मग चष्म्याचा नंबर बदलायला गेले आणि डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला.

काचबिंदूत बहुतेकांना काहीच दुखत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते आणि बऱ्याच जणांची आधी कडेची नजर जाते. समोरचं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. त्यात मेंदूही गुपचूप मोकळी जागा भरून काढतो. काळा डाग वगैरे काही दिसत नाही. तिथे फक्त काही नसतं. गेलेली नजर परत येत नाही. रोज ड्रॉप टाकून डोळ्यातलं प्रेशर खाली ठेवायचं आणि उरलेली सांभाळायची.

त्याची एक टेस्ट असते, फील्ड टेस्ट. एका अर्धगोल भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडेच बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा बिंदू चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूच्या स्टुलावर बसले होते. मला बिंदू दिसत नव्हते, फक्त बटणाचा टिक ऐकू येत होता. टिक, टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक. मी त्या मधल्या शांततेत सेकंद मोजायला लागले आणि मग ते थांबवलं. रिपोर्टचा कागद पप्पांनी ड्रॉइंगसारखा हातात धरला, काळपट भागावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हा एवढा रिजेक्ट."

त्या रविवारी मामा आला. त्याला आमच्या गॅरेजबद्दल नेहमीच एक कल्पना असते. शटर रोडला लागून आहे, मोबाइल रिपेअरिंगवाला उद्या यायला तयार होईल, भाडं घरबसल्या. मम्मी गप्प होती, म्हणजे तिला पटलेलं होतं. त्यात तिचं काही चुकत नव्हतं. नजर कमी झालेला माणूस, फिरणारी मशीनं आणि पायात पडलेला पत्रा, हे गणित कुणालाही भीतीच घालेल. पप्पांनी चहा संपवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या देखत आवरलं तर आवरलं बाळा. नायतर मागं हे सगळं किलोवर जाणार."

किलोवर जाणं म्हणजे काय ते मला कळत होतं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे ताडपत्रीवर हत्यारांचे ढीग असतात. पप्पा उकिडवे बसून एक एक उचलायचे, पुसायचे, उजेडाकडे धरायचे. त्यांच्याकडे एक मायक्रोमीटर आहे, जपानी, मिटुटोयोचा. त्याच्या फ्रेमवर कुणीतरी पंचनं दोन अक्षरं ठोकली आहेत. कारखान्यात हत्यारं सरमिसळ होतात म्हणून लोक आपली अक्षरं ठोकतात. ती अक्षरं पप्पांची नाहीत. कुणी तरी तो आयुष्यभर मखमलीच्या डबीत सांभाळला असणार आणि एक दिवस घरच्यांनी खोली रिकामी केली असणार. विकणाऱ्याला तो काय आहे ते माहीत नव्हतं. वजनाला चांगला होता.

तर आम्ही आवरायचं ठरवलं. पण कशासाठी, हे आधी स्पष्ट करून घेतलं, कारण आवरण्याचे दोन प्रकार असतात. एक, जागा रिकामी करण्यासाठी. दुसरा, काम चालू राहण्यासाठी. दोन्हींत झाडू सारखाच फिरतो, पण काय बाहेर जातं ते वेगळं.

माझी सगळी तयारी रील्सवरची. पारदर्शक डबे, लेबल, आणि मारी कोंडो. तिचं पुस्तक जपानमध्ये २०११ ला आलं आणि २०१९ च्या नेटफ्लिक्स मालिकेनंतर जगभर लोक आपले टी-शर्ट हातात धरून 'याने मला आनंद होतो का' असं विचारायला लागले. मी एक पाना उचलून पप्पांना विचारलं, "या तेरा-चौदाच्या पान्यानं तुम्हाला आनंद होतो का?"

"तेरा-चौदा नसतोय. बारा-तेरा आहे तो."

तिथे तो विषय संपला. पण कोंडोबाईंची एक गोष्ट आम्ही घेतली. खोलीनुसार आवरायचं नाही, एका जातीच्या सगळ्या वस्तू एकाच ठिकाणी ओतायच्या. अंगणात जुन्या चादरी टाकून आम्ही सगळं जातवार बाहेर काढलं. पक्कडी ११ निघाल्या. मेजरिंग टेप ९. स्क्रू ड्रायव्हर मोजले नाहीत.

बाकी पद्धत पप्पांची. ती सुद्धा जपानचीच निघाली. कंपनीत त्यांच्या सेक्शनला ते वर्षानुवर्षं 'फाइव्ह एस' शिकवत होते. सेइरी, सेइटोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. शॉप फ्लोअरवर त्याचे मराठी बोर्ड असतात : वर्गीकरण, सुव्यवस्था, स्वच्छता, प्रमाणीकरण, शिस्त. त्यात लाल टॅग असतो. एखादी वस्तू लागणार की नाही याबद्दल शंका असेल तर तिला लाल टॅग लावायचा, त्यावर तारीख घालायची आणि वेगळ्या जागी ठेवायची. त्या तारखेपर्यंत कुणी मागितली नाही तर ती बाहेर. मी विचारलं, कंपनीत एवढं होतं तर घरी असं का? ते म्हणाले, "तिथं स्टोअर होतं. चिठ्ठी दिली की मिळायचं. इथं स्टोअर मीच की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्या मागे भरलेलं दुकान किंवा दहा मिनिटांत घरपोच देणारं ॲप आहे, त्याला नीटनेटकं राहणं सोपं जातं. पप्पांच्या गावाकडे एक बोल्ट हवा असला तर एसटीनं कराडला जायला लागायचं.

सगळ्यात जास्त वेळ नट-बोल्टनी खाल्ला. दोन रविवार पूर्ण. कारण ते नुसते मापानं वेगळे नव्हते, दोन वेगळ्या जगांतले होते. भारतात मेट्रिकचा कायदा १९५६ ला झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती मापं टप्प्याटप्प्यानं लागू झाली. पण ब्रिटिश बनावटीची जुनी मशीनं आणि त्यांचे इंचांतले बोल्ट पुढे कितीतरी वर्षं कारखान्यांत होतेच. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ मध्ये मांडलेले आटे. आट्यांचा कोन ५५ अंश. मेट्रिकचा ६०. पाव इंची व्हिटवर्थ बोल्ट ६.३५ मिलिमीटरचा आणि शेजारचा मेट्रिक ६ चा. ढिगात दोघं जुळे भाऊ दिसतात. पण एकाचे आटे १.२७ मिलिमीटरवर, दुसऱ्याचे १ वर. एकाचा नट दुसऱ्यावर चढवला तर कधी सुरुवातीला धरल्यासारखा वाटतो आणि मग अडकतो. जोर लावला की दोन्ही वाया. (इंच गेला असं समजू नका. तुमच्या बाथरूममधला अर्धा इंची नळ ५५ अंशांच्याच आट्यांवर बसलेला आहे.)

माझ्या हातात थ्रेड गेज होता, बारीक दातांच्या पात्यांचा पंखा. एक एक पातं लावून बघायचं, कुठलं बसतं. मी एका बोल्टला अर्धा मिनिट घेत होते. पप्पा शेजारी पाटावर बसून बोल्ट उचलत, अंगठ्याचं नख आट्यांवरून एकदा फिरवत आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकत. बघतसुद्धा नव्हते. मी गुपचूप त्यांच्या डावीकडच्या ढिगातले २० बोल्ट गेजनं तपासले. वीसच्या वीस व्हिटवर्थ.

त्या दिवसापासून माझं प्लॅनिंग बदललं. मी तोपर्यंत दिसण्याचा विचार करत होते. वर्कशॉप आवरण्याबद्दल जे काही सांगितलं जातं ते सगळं डोळ्यांसाठी असतं : पारदर्शक डबे, मोठी लेबल, भिंतभर बोर्ड आणि त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली. कारखान्यात त्याला शॅडो बोर्ड म्हणतात. हत्यार जागेवर नसेल तर लांबून कळतं. पण ते कळण्यासाठी अख्खी भिंत एका नजरेत यावी लागते. पप्पांना समोरची ओळ दिसते, भिंत दिसत नाही. १८ फुटांच्या भिंतीवर पसरलेली सुंदर व्यवस्था त्यांच्यासाठी पसाऱ्याइतकीच निरुपयोगी.

म्हणून रुंदी काढून टाकली. रोजची हत्यारं वाईससमोर, दोन्ही हात पसरले की पुरतील एवढ्यातच, छातीच्या उंचीला. एकाखाली एक, कायम त्याच क्रमानं. बाकीची मागच्या कपाटात. जमिनीवर काहीही नाही, हा नियम सगळ्यात कडक. पाइप आणि अँगल आडवे करून छताजवळच्या ब्रॅकेटवर. टेबलाचे कोपरे गोल घासले, कडेला पिवळी पट्टी. शटरच्या उंबऱ्यालाही पिवळा रंग. टेबलावर काळं रबर मॅट, म्हणजे त्यावर ठेवलेलं चकचकीत स्टील उठून दिसतं. समोरचा नागडा बल्ब काढला, कारण त्याची तिरीप डोळ्यांवर येऊन त्यांना अजूनच कमी दिसायचं. त्याऐवजी वरून झाकलेल्या दोन पट्ट्या लावल्या. वाईसचं हँडल आडवं सोडायचं नाही, काम झालं की उभं. हे मी कागदावर लिहून लावलं होतं. पप्पांनी तो कागद काढून टाकला. म्हणाले, मला सांगितलंय तेवढं पुरे.

पान्यांवर खाचा ही त्यांची कल्पना. तीनधारी कानशीनं दांड्याच्या कडेवर. १०-११ ला एक खाच, १२-१३ ला दोन, १४-१५ ला तीन, १६-१७ ला चार. चांगल्या पान्यावर कानस चालवायला त्यांना जड गेलं असणार, पण तसं दाखवलं नाही. व्हर्नियरच्या रेघा त्यांना आता नीट वाचता येत नाहीत, ०.०२ च्या रेघा मलाही येत नाहीत. मोठ्या आकड्यांचा डिजिटल आणलाय. तो ते वापरतात आणि दर वेळी त्याच्यावर अविश्वास दाखवतात.

भंगारवाला दोनदा आला. मोटारी, झाकणं, पंख्याची पाती, गंजलेले पत्रे, मिळून ७० किलोच्या वर. पप्पा काट्याशेजारी उभे राहिले, भावाची घासाघीस केली नाही. तांब्याची वायर मात्र वेगळी मोजायला लावली. पैसे मम्मीच्या हातात दिले. तिनं गॅरेजमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाली, "एवढी मोठी होय ही खोली?"

मग राहिले ग्राइंडर. मी मनात ठरवलं होतं की तिन्ही जाणार. मम्मीनं तर मला तसं शपथेवर सांगितलं होतं. मी विषय काढला तेव्हा ते कानस ब्रशनं साफ करत होते. थांबले नाहीत.

"बेंचवाला राहील," ते म्हणाले. "तो एका जागी आहे. चाक झाकलेलं आहे, जॉब टेकवायला रेस्ट आहे, मधी तीन एमएमपेक्षा जास्त गॅप मी ठेवत नाही. मी समोर उभा राहतो. कडेची नजर तिथं लागत नाही."

"आणि हातातले?"

ते थोडा वेळ ब्रश मारत राहिले. "हातातला सगळीकडं फिरतो. वायर कुठं गेली, ठिणगी कुठं पडली, बाजूला कोण येऊन उभं राहिलं, हे बघायला लागतं. बटण बंद केलं तरी डिस्क फिरत राहते. तेवढ्यात कुणी जवळ आलं तर?" मग म्हणाले, "ते दोन्ही दे."

मी मम्मीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, आणि त्यांचं सगळं आधीच मोजून झालेलं होतं. भीतीपोटी तिन्ही काढले असते तर ते गप्प बसले असते आणि मग हळूहळू गॅरेजमध्ये जायचेच थांबले असते, असं मला वाटतं. मम्मीला अजून बेंच ग्राइंडर पटलेला नाही. तो सुरू झाला की ती स्वयंपाकघरातलं काम थांबवून आवाज बंद होईपर्यंत उभी राहते. हे पप्पांना माहीत आहे. ते आता तो फक्त सकाळी, ती भाजीला गेली की चालवतात.

एक हातग्राइंडर विकला. दुसरा समोरच्या घरातल्या मुलाला दिला. तो आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहे. त्या ग्राइंडरचा गार्ड सुरुवातीलाच काढून टाकलेला होता. डिस्क जास्त आत जावी म्हणून सगळेच काढतात, आणि सगळ्यांना माहीत असतं की काढू नये. तो गार्ड एका तेलाच्या डब्याच्या तळाशी सापडला, स्क्रूसकट. पप्पांनी तो बसवला, गॉगल जोडीला दिला आणि त्या पोराला सांगितलं, "गार्ड काढलास तर मी येऊन परत घेऊन जाईन." त्यानं पाया पडून घेतला. पप्पा मग बराच वेळ शटरपाशी उभे होते, समोरच्या घरातून आवाज येतो का ते ऐकत.

शेवटी पप्पांनी ऑडिट मागितलं. कंपनीत फाइव्ह एसचं असायचं तसं. शटर खाली ओढलं, लाइट बंद, आणि मला म्हणाले, नावं घे. मी मोबाइलच्या उजेडात यादी वाचत गेले. सेंटर पंच. मऊ कानस. टॅप हँडल. गुण्या. दोन खाचांचा पाना. अंधारात खिळ्यावरून लोखंड उचलल्याचा बारीक आवाज येत होता आणि माझ्या हातात एक एक वस्तू येत होती. १४ पैकी ११ बरोबर. तीन चुकल्या त्या पक्कडी होत्या, तिन्हींना एकसारखं लाल रबर. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकीच्या मुठीला सुतळी गुंडाळली आणि एकीचं रबर काढून टाकलं.

लाल टॅगचा एकच क्रेट मी मान्य केला. त्यात काय ठेवायचं ते त्यांनी ठरवायचं, तारीख मी घालायची. ३१ मार्च घातली. कार्बोरेटर त्यातच आहे.

पुढची फील्ड टेस्ट जूनमध्ये आहे. त्याआधी शटरची खालची पट्टी बदलायची असं त्यांच्या मनात आहे, पावसाचं पाणी आत येतं. पट्टी आणून ठेवली आहे. बोल्ट ८ लागतील, एम ८, घरचेच. पाना दोन खाचांचा.